पाण्यावरची रेघ

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तुरे, तूच लिही.
नव्वद वर्षं आहेत, दोन पानांत बसव,
तिसऱ्या पानावर बँकेची जाहिरात आहे.

मी बर्फ राखणारा माणूस.
चार टनांच्या यंत्रावर बसून रोज रात्री
गोल गोल फिरतो, मुलांनी लिहिलेलं पुसतो,
वर कोमट पाणी सोडतो.
सकाळी पाटी कोरी.
असल्या माणसाला इतिहास विचारतात.

तर. तल्लफोर्सची कागदगिरणी, तिचं तळं,
बर्फाखाली ओंडके निजलेले.
साल तेहतीस असावं. पहिली वही उंदरांनी खाल्ली,
उरली एक ओळ: ठराव एकमताने. टोप्या सात.
खेळाडू अकरा होते, असं वडील सांगत.
म्हणजे चौघे बोडके खेळले,
की चौघांनी टोप्या घरून आणल्या,
याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत.
इतिहासकार म्हणजे मी आणि यर्कर.

गोली ह्याल्मार नडग्यांना
टपालाने आलेला कपड्यांचा कॅटलॉग बांधायचा.
बायको त्यातूनच कोट निवडायची,
चकतीनं फाडलेलं पान सोडून.

मार्चमध्ये ऊन पडलं की सामना रद्द.
मग अठ्ठावन्नात बर्फ विकत घ्यायचं ठरलं.
सिग्नेच्या भट्टीतून वेलदोड्याचे पाव निघत राहिले,
शनिवारमागून शनिवार, सहा हिवाळे,
तेव्हा कुठे जमिनीखाली नळ गेले.
नळांत अमोनिया,
जमाखर्चाच्या वहीला अजून वेलदोड्याचा वास.

चौऱ्याहत्तरला वरच्या श्रेणीत चढलो.
सस्कॅचेवानहून डेल आला, आमचा पहिला पगारी माणूस.
पाळी संपवून सरावाला आलेल्यांनी त्याला विचारलं,
दिवसा काय करतोस?
तो म्हणाला, हेच.
बराच वेळ कुणी बुटांची नाडी सोडली नाही.

शहाऐंशीबद्दल लिहू नकोस, यर्कर म्हणतो.
अकरा सेकंद उरले होते,
गोली पडलेला, जाळं उघडं,
ओस्मोनं मारलेली चकती
खांबाला.
टण्ण.
अजून गावात कॉफीचा चमचा कपाला जोरात लागला
की पन्नाशीपुढची माणसं मान वळवतात.
ओस्मो फिनलंडला परत गेला नाही.
त्याचं किराणा दुकान चांगलं चाललं.
दारावर घंटी मात्र लावली नाही त्यानं कधी.

पुढचं भराभर सांगतो.
गिरणी बंद पडली. भोंगा भंगारात गेला,
त्याच्यावरच आमचे डाव सुरू व्हायचे.
मंडळानं परवाना नाकारला: भांडवल उणे.
आम्ही घरोघर संडासाच्या कागदाची बंडलं विकली.
कागदाच्या गावात,
कागद बाहेरून आणून.
लोकांनी घेतली. सिग्नेच्या मुलीकडे तळघरात
अजून चाळीस आहेत.

पुरुषांचा संघ दोन श्रेण्या खाली घसरला.
मुलींना रात्री साडेदहानंतरचा बर्फ मिळायचा,
खरवडलेला, उष्टा. कुणी तक्रार केली नाही,
मीही केली नाही, हे लिहून ठेवतो.
मागच्या वर्षी त्या वर चढल्या.

एप्रिलमध्ये मी यंत्रं बंद करतो.
बर्फ खचतो, कडेनं पाणी सुटतं,
निळी रेघ आधी फाटते, मग तांबडी विरघळते.
सापडतात ती नाणी, एक बटण,
एकदा दात. कुणाचा ते कळलं,
त्याला नको होता.

आणि सप्टेंबरात पुन्हा पातळ थर धरतो,
त्यावर दोरी ताणून रेघा ओढायच्या.
दोरीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं यंदा गोली हेवीनच्या.
ती ओरडते, तुरे, वाकडी आहे!
मी म्हणतो, नव्वद वर्षं वाकडीच आहे.
ती दोरी सोडत नाही.
मला परत मागे जाऊन मापावं लागतं.

पानं दोनाची तीन झाली, बाई.
बँकेला सांगा,
जरा सरकून बस.